गलाईला जायचं की नाही?

विट्याच्या आसपासच्या कुठल्याही गावात भावकीतलं एखादं तरी घर ‘गलाईला’ असतं. खानापूर, आटपाडी, तासगाव, पलीकडं सातारा जिल्ह्यातले माण आणि खटाव, या पट्ट्यातली माणसं कित्येक पिढ्या देशभरच्या सराफ पेठांत सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं काम करत आली आहेत. पंजाबात आहेत, बंगालमध्ये आहेत, केरळ आणि तमिळनाडूत तर आहेतच. दहावी-बारावीचे निकाल लागले की केरळच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या लहान गावातून चुलत्याचा किंवा मामाचा फोन येतो, “पोराला पाठवून द्या.” आणि घरात चर्चा सुरू होते.

ही चर्चा नवी आहे, असं माझं म्हणणं आहे. आधीच्या पिढ्यांत ती झालीच नाही. हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. येरळेला पाणी असलं तर पावसाळ्यापुरतं, जिरायत ज्वारी-बाजरी हाच आधार. १९७२च्या दुष्काळात खडी फोडून दिवस काढलेल्या घरांत “जायचं का?” हा प्रश्न कुणी कुणाला विचारला नाही. मोठ्या भावानं थांबून रान बघायचं, धाकट्यानं निघायचं, एवढंच ठरे. निघालेल्या त्या पोरांचं आपण फार कौतुक करतो आणि ते रास्तच आहे. त्यांच्या पैशावर इथं विहिरी खणल्या गेल्या, घरं उभी राहिली, देवळांचे जीर्णोद्धार झाले, बहिणींची लग्नं लागली. पण त्या जाण्याला निर्णय म्हणता येत नाही. राहण्याची सोय असेल तरच जाण्याचा निर्णय होतो.

ती सोय आता काही प्रमाणात झाली आहे. १९९३पासून आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या पुढाकारानं पाणी परिषदा भरू लागल्या आणि समन्यायी पाणीवाटपाची मागणी जोर धरू लागली. कराडजवळच्या टेंभू गावी कृष्णेचं पाणी अडवून ते टप्प्याटप्प्यानं वर उचलायचं आणि सातारा, सांगली, सोलापूर जिल्ह्यांतल्या सुमारे ८० हजार हेक्टरला द्यायचं, अशी योजना १९९६ साली मंजूर झाली. प्रत्यक्षात पाणी यायला लोकांना फार वाट बघावी लागली आणि सगळ्या गावांना ते अजून सारखं मिळत नाही. तरी कालव्याच्या आणि तलावांच्या बाजूला ऊस दिसतो, द्राक्षं आणि डाळिंबं दिसतात. विट्यात यंत्रमाग आहेत, कुक्कुटपालनाचा व्यवसाय आहे. इथं राहून श्रीमंत होता येईलच असं नाही. पण राहिलं तर उपाशी मरायची वेळ येत नाही, आणि आपल्या तालुक्याच्या हिशेबात हा फरक फार मोठा आहे.

आता किनाऱ्यावरच्या त्या गावाकडं बघू. विट्याच्या माणसाला तिथं काम का मिळतं? १९७३नंतर तेलाचे भाव चढले तसा केरळचा तरुण मोठ्या संख्येनं आखाती देशांत जाऊ लागला. त्याचा पैसा घरी आला आणि त्यातला बराच सोन्यात गेला. सोनं आलं की जुने दागिने मोडणं आलं, मोड आली की ती गाळणारा माणूस लागतोच. म्हणजे मल्याळी पोरगा समुद्र ओलांडून गेला, आणि त्याच्या कमाईतून उभ्या राहिलेल्या पेठेत आपलं पोरगं जाऊन बसलं. एका स्थलांतराच्या आधारावर दुसरं स्थलांतर उभं आहे. आखातात नोकऱ्या कमी झाल्या तर त्याचे धक्के आपल्या आटपाडी-लेंगऱ्यापर्यंत पोचणार, हे जाणाऱ्यानं आणि पाठवणाऱ्यानंही लक्षात घेतलं पाहिजे. धंद्याचं स्वरूपही बदलतं आहे. जून २०२१पासून टप्प्याटप्प्यानं दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला. टंच बघायला यंत्रं आली. मोठ्या पेढ्यांना आपली मोड थेट मोठ्या रिफायनरीकडं पाठवता येते. लहान गलाईवाल्याकडं लहान सराफाचं काम उरतं आणि ते विश्वासावर चालतं.

प्रत्यक्ष काम काय असतं हे घरच्यांना बहुधा नीट ठाऊक नसतं, म्हणून ते सांगायला हवं. आलेली मोड टाकणखार घालून मुशीत वितळवायची. सोनं साधारण चौथ्या हिश्श्यावर येईल इतकी चांदी किंवा तांबं त्यात मिसळायचं. मग ते नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचं. चांदी-तांबं विरघळतं, सोनं तळाशी राहतं. ते धुऊन, पुन्हा वितळवून त्याची लगड करायची. द्रावणातली चांदी परत मिळवायला तांब्याचे पत्रे सोडायचे. कसबाचं काम आहे, डोळ्याचा आणि हाताचा अंदाज लागतो. पण ॲसिड उकळताना जो तांबूस-तपकिरी धूर उठतो तो नायट्रोजन डायऑक्साइडचा असतो आणि थेट फुप्फुसावर घाव घालतो. जास्त धूर छातीत गेला तर कधी कधी त्रास काही तासांनी सुरू होतो, तेव्हा माणूस कामावरून उठून जेवायला बसलेला असतो. सराफ गल्लीतली जागा महाग, म्हणून मागची खोली लहान. धुराडं नीट नसेल तर दमट हवेच्या गावात तो धूर तिथंच कोंडतो. चुलत्याच्या दुकानाला धुराडं आहे का, हे पगाराच्या आधी विचारा.

दुसरा धोका कायद्याचा. गाळायला आलेलं सोनं कुठून आलं हे त्याच्या अंगावर लिहिलेलं नसतं. चोरीचा दागिना वितळला की ओळख संपली, म्हणून तपासाला निघालेले पोलीस गलाईच्या दुकानी येतात. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४११ खाली, आता भारतीय न्याय संहितेच्या ३१७ खाली. आपल्याला माहीत नव्हतं हे परमुलखात, परक्या भाषेत, ओळखपाळख नसताना पटवून देणं सोपं नसतं. मोठ्या शहरात आपल्या माणसांची संघटना पाठीशी उभी राहते. लहान गावात आपलं दुकान एकटं असू शकतं. त्या एकटेपणात धंद्याचा फायदा असतो, स्पर्धा नसते, पण संकटाच्या दिवशी दार ठोठवायला दुसरं घरही नसतं.

या चर्चेत जिचं मत सगळ्यात कमी विचारलं जातं ती लग्न होऊन तिकडं जाणारी मुलगी. नवऱ्याला बाजारात दोन वर्षांत मल्याळम येते, कारण पोटाची गरज असते. तिला दुकानामागच्या दोन खोल्यांत कुणाशी बोलायचं? मुलं मल्याळम शाळेत घालायची की इंग्रजी, आणि आजीशी ती कुठल्या भाषेत बोलणार? किती घरांनी यावर उपाय म्हणून बायको-मुलांना विट्यातच ठेवलं आणि माणूस दसऱ्याच्या पालखी शर्यतीला आणि दिवाळीला तेवढा घरी आला. शर्यतीच्या गर्दीत त्यांचे उजळलेले चेहरे मी बघतो आणि मला आनंदाइतकंच वाईट वाटतं. मुलाचं सगळं बालपण सणावारी बघितलेल्या बापाला पुढं ते कुठल्या हिशेबात भरून मिळणार?

एवढं सांगून मी “जाऊ नका” म्हणणार नाही. अठरा पूर्ण झालेल्या, शिकलेल्या मुलानं एक-दोन महिने जाऊन बघावं. काम आवडलं, खोलीत हवा खेळती असली, पगार आणि पुढची भागीदारी कागदावर आली, तर जरूर राहावं. समुद्राकाठच्या लहान गावात नाव कमावलेली आपली माणसं आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे. पण सोळा वर्षांच्या पोराला ॲसिडजवळ बसवायला माझा स्पष्ट विरोध आहे. २०१६च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायदा चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक कामावर ठेवू देत नाही. हे काम कायद्याच्या कुठल्या यादीत बसतं यावर वकील वाद घालतील, त्या धुराजवळ एकदा उभं राहिलेल्या माणसाला वाद घालायची गरज वाटणार नाही. दुष्काळात आपल्या आजोबांना दुसरा मार्ग नव्हता. आपल्याला आहे. तेव्हा आई-वडिलांना विनंती एवढीच, की फोन आला तर पोराला बारावी पूर्ण करू द्या, आणि मग त्यालाच विचारा.