खळ वाळेपर्यंत

दुपारची भांडी आवरली, दार नुसतं लोटलं, फोन आतल्या खोलीत ठेवला, की बसा. टेबल नसेल तर चौरंग चालेल. समोर एक वही असू द्या. मुलांची अर्धी कोरी राहिलेली गणिताची वही सगळ्यांत बरी. तिच्यावर आधीच शाई सांडलेली असते, त्यामुळे पान खराब होईल ही धास्ती उरत नाही. आज कुणाला दाखवायला काही करायचं नाही. फोटो काढून स्टेटसलाही टाकायचा नाही. एवढं मनाशी ठरवा, मग पुढं जाऊ.

आता घरातला कागद काढा. विकतचा नको. आर्ट जर्नलसाठी म्हणून हल्ली चहाचे डाग छापलेले, मुद्दाम जुनाट केलेले कागद पाकिटातून मिळतात. कुणा परक्याच्या पत्रांचा आव आणणाऱ्या त्या कागदांची कोल्हापुरातल्या घराला काय गरज? फडताळाचा वरचा कप्पा उघडा. कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलेल्या लग्नपत्रिका, अंबाबाईच्या कुंकवाची रिकामी पुडी, केएमटी बसचं तिकीट, डॉक्टरांची चिठ्ठी, वाण्याची यादी, दिवाळीत आकाशकंदील करून उरलेला पतंगाचा कागद. सगळं समोर पसरा. निवड करू नका. नुसतं बघा.

एक लग्नपत्रिका उचला. गणपतीचा सोनेरी उठाव अंगठ्यानं चाचपा. मग नावं वाचा, सावकाश, खालच्या ओळीपर्यंत. 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' असं ज्यांच्या नावानं छापलंय, ती पोरं आता नोकरीला लागली असतील. काही नावांमागं 'कै.' आहे. काहींमागं तेव्हा नव्हतं, आज लावावं लागेल. तिथं थोडं थांबा. वाईट वाटलं तर वाटू द्या, कुणाची आठवण आली तर येऊ द्या. पत्रिका बाजूला ठेवण्याची घाई नाही.

आता जुना 'पुढारी' पेपर घ्या. वरची कड चिमटीत धरून पान खालपर्यंत फाडत न्या. चीर बरीचशी सरळ उतरेल, रकान्याच्या बाजूनं. दुसरं पान आडवं फाडा. हात कितीही सांभाळला तरी ती भरकटते, दातेरी होते. यंत्रावर कागद तयार होताना त्याचे तंतू बहुतेक एकाच दिशेला पडतात. त्यांच्या कलानं गेलात तर कागद वाट देतो, आडवे गेलात तर अडतो. आवाजही वेगळा येतो. पुन्हा एकदा फाडून ऐका. तुकडे टाकू नका. आडव्या चिरेच्या कडेतून जोतिबाच्या डोंगराची रेघ आयती मिळते, ती पेन्सिलीनं काढायला गेलं की हमखास बिघडते.

खळ करायला उठा. चमचाभर मैदा आधी गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, मग सात-आठ चमचे पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. पांढरा रंग हळूहळू विरतो, खळ काचेसारखी होऊ लागते, चमचा जड लागतो. तेवढा वेळ दुसरं काही करू नका, नाहीतर बुडाला लागेल. घाट उतरून सावंतवाडीला गेलं, तर तिथल्या गंजिफांच्या गोल पत्त्यांना चिंचोक्याची खळ देण्याची जुनी रीत आहे. बायंडर मंडळी कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद टाकत. तो विषारी, घरात नको. मग खळ दोन दिवसांत आंबते, आंबू दे. लागेल तेवढीच करावी.

एक तुकडा पालथा घाला आणि ब्रशनं मधून कडांकडे खळ लावा. लगेच चिकटवू नका. बघत राहा. कागद वळतो, मग सैलावतो. ओला झाला की तो तंतूंच्या आडव्या अंगानं फुगतो; फुगणं पुरं व्हायच्या आत पानावर बसवला, तर उरलेलं फुगणं पानावर होतं आणि सुरकुत्या पडतात. दहा-बारा श्वास जाऊ देत. मग उचला, ठेवा, अंगठ्यानं मधून बाहेर दाबत न्या. खालच्या पानाला ओल लागू नये म्हणून मध्ये गोकुळ दुधाची धुतलेली पिशवी कापून घाला. केएमटीचं तिकीट मशीनचं असेल तर त्याला ऊब लागू देऊ नका. तो कागद उष्णतेनं काळा पडतो, आणि नुसता ठेवला तरी त्यावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात. जुनं, छापील तिकीट हाती लागलं तर नशीबवान आहात.

डॉक्टरांची चिठ्ठी लावावी की नको, हा प्रश्न पडेल. लावा. तिच्यावर पतंगाच्या कागदाचा तुकडा बसवा. ओला झाला की त्याचा रंग सुटतो, खालचं अक्षर अर्धं दिसतं, अर्धं बुडतं. आजारपणाचे ते दिवस घरात गेले तेही बहुधा असेच, अर्धे बोलून आणि अर्धे गिळून. ते सगळं इथं लिहून काढायची गरज नाही. चिठ्ठी खाली आहे, हे तुम्हाला माहीत आहे. पुरे.

आता काहीच करायचं नाही. पान उघडं ठेवून बसायचं. घरातल्या या सगळ्या उद्योगातला हाच भाग मला महत्त्वाचा वाटतो, आणि हाच आपण पंख्याखाली धरून उरकतो. कागद पाण्यातच जन्मतो: लगदा पाण्यात, चाळणीवर तो धरायचा तोही पाण्यातून. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात चिंध्यांपासून कागद करीत, तेव्हाही कामाचा मोठा हिस्सा भिजवणं आणि वाळवणं हाच. कागद पाणी चटकन घेतो, सोडताना मात्र वेळ लावतो.

हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 च्या जुलैत पुन्हा. पाणी ओसरल्यावर घराघरांत दोऱ्या बांधून सात-बारा, मार्कलिस्टा, लग्नाचे अल्बम वाळत घातले गेले. ज्यांनी ओला अल्बम घाईनं उघडला, त्यांच्या हाती चेहरे सोललेले फोटो आले.

आणि कोटितीर्थ तळ्याचं पाणी. अबालाल रहिमान जे. जे. स्कूलमध्ये शिकून कोल्हापुरात परतले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले आणि कोटितीर्थाच्या काठी राहून चित्रं काढत बसले. त्यांच्या घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती करण्याचं काम होतं, असं सांगतात. म्हणजे कागदाशी बसण्याची सवय त्यांना जुनीच. 6 मे 1922 रोजी महाराज गेले. त्या दुःखात अबालालांनी आपली ढीगभर चित्रं कोटितीर्थात सोडून दिली, ही आठवण गावात अजून सांगितली जाते. आपण ती कलावंताच्या निष्ठेची गोष्ट म्हणून चवीनं सांगतो. मला ती ऐकवत नाही. तळ्यात गेलेल्या त्या कागदांपैकी एखादा कुणी काढून वाळवला असता तर, असंच दर वेळी मनात येतं. तुमच्या पानावरचा तुकडा वाळत असताना याचा विचार करा: काय पाण्यात सोडायचं आणि काय वाळवून ठेवायचं, हे दुःखाच्या भरात ठरवावं का?

पानाला हाताची मागची बाजू लावून बघा. गार लागलं तर आत ओल आहे. पावसाळ्यात ती दुसऱ्या दिवशीही असते. ओल्या पानाला रंग लावू नका, फाटेल.

रंग सुक्या पानावर, तोही थोडाच. राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात एकदा जाऊन या. सिनेमातला हा देखणा नट पावडर शेडिंगनं निसर्गचित्रं करी. ती बघून आलात की आपल्या वहीत ओल्या रंगाची घाई कमी होते. रंगीत खडू पातीनं खरवडा, ती पूड बोटावर घ्या आणि कागदाच्या जोडांवर हलकी फिरवा. दोन वेगळे कागद एका पानाचे होतात. कुंकवाच्या पुडीत चिमूटभर उरलं असेल तर तेही. बोटांना रंग लागेल, तो लगेच धुवू नका.

पानाच्या मागं पेन्सिलीनं तारीख घाला आणि पत्रिकेतल्या माणसांशी आपलं नातं काय ते लिहा. तुमच्या नातवंडांना विचारायला कुणी नसेल. दुसरं पान आज घेऊ नका. आणि वही रात्रभर उघडीच ठेवा. ओली मिटली तर बुरशी धरते, शिवाय पानं एकमेकांना अशी बसतात की सोडवताना दोन्ही जातात. सकाळी पान कोरडं लागलं की मिटा, वर पोळपाट ठेवा, आणि स्वयंपाकाला लागेपर्यंत तो तसाच राहू द्या.