पाणी जाते कुठे?



संत लूकच्या शुभवर्तमानात (१३:६-९) प्रभू येशूने निष्फळ अंजिराच्या झाडाचा दाखला दिला आहे. तीन वर्षे फळ मिळाले नाही म्हणून मालक झाड तोडायला सांगतो. माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो. मात्र तो नुसती मुदत मागत नाही. आळे खणण्याची आणि खत घालण्याची जबाबदारीही तो स्वतःवर घेतो.

या दाखल्याचा अर्थ आम्हाला एका जुन्या जीपने समजावला. आपल्या धर्मग्रामाची डिझेल जीप आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. तिचे तीन लाख किलोमीटर केव्हाच पार झाले. आजाऱ्यांकडे पवित्र कम्युनियन घेऊन जायला आणि वृद्धांना इस्पितळात पोहोचवायला तीच धावते. "फादर, आता ही भंगारात काढा," असे पॅरिश कौन्सिलमध्ये दोनदा सुचवले गेले. दोन्ही वेळा आम्ही मुदत मागितली. आळे खणायचे मात्र विसरलो.

मे महिन्यात रेडिएटरमधले पाणी रोज थोडे कमी होऊ लागले. आम्ही सकाळच्या मिस्सानंतर तांब्याभर पाणी ओतायचो आणि गाडीची काळजी घेतल्याचे समाधान मानायचो. एके दुपारी एका आजीबाईंना डायलिसिससाठी घेऊन निघालो. महामार्गावर वर्सोवा पुलाच्या अलीकडे वाहनांची लांब रांग होती. तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकला आणि बॉनेटखालून वाफ येऊ लागली. आम्ही घाईने इंजिन बंद केले. आजीबाई पाऊण तास उन्हात बसून राहिल्या. अखेर एका टेम्पोवाल्याने त्यांना पुढे नेले. जाताना त्या म्हणाल्या, "फादर, तुम्ही तरी काय करणार? गाडीच म्हातारी झाली."

त्या शब्दांनी आम्हाला फार लाज वाटली, कारण दोष वयाचा नव्हता. रेडिएटरचा रबरी पाइप कडक होऊन चिरला होता. गॅरेजवाल्याने तो हातात देत विचारले, "फादर, रोज पाणी घातलंत. पण ते जातं कुठे, हे एकदा तरी खाली वाकून पाहिलंत का?" इंजिन वेळीच बंद केले म्हणून हेड वाकले नाही, हेही त्याने सांगितले. साध्या पाण्याने आतून गंज चढतो, म्हणून त्याने योग्य प्रमाणात कूलंट भरले. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका, अशी ताकीदही दिली.

त्याने शिकवलेले आम्ही आता नेमाने करतो. आठवड्यातून एकदा गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन निवल्यावर ऑइलची पट्टी काढतो, पुसतो, पुन्हा घालतो आणि पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे ना ते पाहतो. डिझेल इंजिनाचे ऑइल काळे होणारच, पण ते दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर दिसला तर आधी एअर फिल्टर तपासावा. पावसाळ्यात डिझेल फिल्टरमध्ये साठलेले पाणी काढावे. गाडी जवळजवळच्याच फेऱ्या करत असेल तर इंजिन पुरते तापत नाही, म्हणून ऑइल बदलताना किलोमीटरबरोबर महिनेही मोजावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक वही ठेवावी: तारीख, किलोमीटर, किती ऑइल घातले, किती कूलंट घातले. गळती आधी वहीत दिसते, रस्त्यावर नंतर.

बंधुभगिनींनो, आपल्या जीवनातही आपण असेच पाणी ओतत राहतो. घरात अबोला वाढला की सहलीला जातो. मन कोरडे झाले की नोव्हेना करतो, यात्रेला जातो. हे सारे चांगलेच आहे. पण दर वर्षी पापनिवेदनात तीच यादी वाचत असू, तर चीर कुठे पडली आहे हे आपण पाहिलेलेच नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी, करायला हवे ते न करणे हेही पाप मानले आहे. आमच्या जीपच्या बाबतीत आम्ही वाईट असे काहीच केले नव्हते. फक्त वाकलो नव्हतो.

"वय झाले" हे शब्द आपण माणसांबद्दलही किती सहज वापरतो! आई जेवत नाही, वय झाले. बाबा हल्ली बोलत नाहीत, वय झाले. असे म्हटले की पुढे काही विचारावे लागत नाही. कदाचित आईचा दात दुखत असेल. कदाचित बाबांना ऐकू येत नसेल आणि ते सांगायला संकोच वाटत असेल.

आमची जीपही एक दिवस भंगारात जाईल. माळ्याने झाडासाठी कायमचे आयुष्य मागितले नव्हते, एकच वर्ष मागितले होते. तेवढ्या काळात ती कुणा आजारी माणसाला वाटेत सोडणार नाही, एवढे आमच्या हातात आहे.

या आठवड्यात आपण रोज रात्री पाच मिनिटे काढू या. दिवसभरात प्रेम कुठे आटले, सहनशीलता कुठे गळाली, ते देवासमोर पाहू या. आणि घरातल्या वृद्ध माणसाजवळ बसून विचारू या, "तुम्हाला काय होतंय?" उत्तर येईपर्यंत उठू नये.

दयाळू पिता आपल्याला वाकण्याची नम्रता देवो. आमेन.