किनाऱ्यावरील पेटी

ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीपासून सुमारे ६०० किलोमीटर दूर असलेल्या लॉर्ड हाउ बेटावर एका वेळी ४०० पर्यटकांनाच मुक्काम करता येतो. तेथील नेड्स बीच या शांत किनाऱ्यावर पाण्यातील मासे पाहण्यासाठी चष्मे व नळ्या भाड्याने मिळतात. मात्र पैसे घेणारा कोणी नसतो. भाडे आपणच पेटीत टाकावयाचे. मी ते टाकले आणि नकळत मागे वळून पाहिले : कोणी पाहिले काय? शासकीय सेवेत जन्मभर इतरांची देयके तपासली. प्रामाणिकपणाला पावतीचा पुरावा हवा, असेच मानीत आलो. पैसे बुडविण्याचा मोह मला झाला नाही, हे खरे. परंतु श्रेयाचा मोह सुटला नव्हता. साक्षीदार नसला की सदाचरणही अपुरे का वाटावे? त्या निर्जन किनाऱ्यावर पाहणारा कोणी नव्हता, याची मला खंत वाटली. आणि ती खंतच आजही मनाला बोचते.