नाव लिहिण्याआधी

राजराजेश्वरा, श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी अकोल्याची पोरं गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीनं आणून तुला घालतात. मी अंजनगाव-सुर्जीच्या पानमळ्यातून पिशवीभर पिंपळमूळ आणलंय. तेच तुझ्यापुढे ठेवतो.

पिंपळीचा जुना वेल काढायच्या दिवशी आई बांधावरून म्हणाली, "मुयी तोडू नोको, बापू, येलाले लागते." वेल तर जाणारच होता. तरी मी हातानंच माती उकरली. बारीक, गाठीगाठीचं मूळ. चावलं की क्षणभर काहीच नाही, मग जीभ बधिर. बाळंतिणीला गंठोडा म्हणून देतात ते हेच. ती बधिरता कशातून येते, तेवढं मला कळू दे.

सावलीत वाळवलं, भरड कुटलं, सॉक्सलेटमध्ये अल्कोहोल फिकं उतरेपर्यंत फिरवलं. अर्क आटवून अल्कोहोलमधलं पोटॅश घातलं, राळ गाळून टाकली, रात्रभर ठेवलं. सकाळी काचेला पिवळ्या सुया लागलेल्या! देवा, माझे हात आपोआप जुळले.

आणि तिथंच मी चुकलो. सुया १२२ ते १२४ अंशांना वितळल्या आणि मी बाटलीवर पायपरलाँग्युमीन लिहून मोकळा झालो. असीमा चॅटर्जी आणि दत्ता यांनी १९६७ साली ज्याची रचना मांडली, ते माझ्या हाती लागावं ही हाव होती. पुन्हा स्फटिक केले, तर पारा १२९ वर गेला. म्हणजे बहुधा ते पायपरीनच, ओर्स्टेडनं १८१९ साली मिरीतून काढलेलं. मळ होता म्हणून आधी लवकर वितळलं.

ही हाव काढून घे, देवा. खात्रीच्या पायपरीनमध्ये माझा नमुना मिसळून पुन्हा वितळवायचा कंटाळा येऊ देऊ नकोस. दोन्ही एकच असतील तर बिंदू ढळणार नाही, वेगळे असतील तर घसरेल. प्लेटवर ड्रॅगेनडॉर्फचं द्रावण फवारल्यावर उठणारा नारिंगी ठिपका 'अल्कलॉइड असावं' एवढंच सांगतो, त्याच्या तोंडी मी जास्त घालू नये. पायपरीन उजेडात रूप बदलतं; बाटलीला काळा कागद गुंडाळायची आठवण दे.

जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या कामातून क्षयाची अशी गोळी निघाली, जिच्यात १० मिलिग्रॅम पायपरीनच्या जोडीनं रिफाम्पिसिन ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम पुरतं. कुणाचा तरी खोकला पायपरीन या नावावर विसंबून आहे. अंजनगाव-अकोटचे बारीही त्यावरच विसंबून आहेत, वेलाला पोरासारखं पाणी देणारे. त्यांच्या मुळीला मी खोटं नाव देऊ नये.

जुनी चिठ्ठी सोलून काढलीय. नवी अजून कोरी आहे. उद्या मिश्रण वितळवतो; तोवर ती तुझ्यापाशी असू दे.