धर्मनिष्ठा आणि राष्ट्रनिष्ठा : काही शंका व त्यांचे समाधान

शंका १ : ख्रिस्ती मनुष्याची सर्वोच्च निष्ठा देवावर असते, मग राष्ट्रावरची त्याची निष्ठा उणी ठरत नाही काय?

समाधान : निष्ठा ही वाटून घ्यायची वस्तू आहे आणि एकाला अधिक दिली की दुसऱ्याच्या वाट्याला कमी येते, अशी समजूत या शंकेच्या मुळाशी आहे. पवित्र शास्त्राची शिकवण तशी नाही. कैसराला, म्हणजे रोमन बादशहाला, कर द्यावा की नाही असा पेच विरोधकांनी प्रभू येशूपुढे टाकला, तेव्हा त्याने दिनार हे कराचे चांदीचे नाणे मागवून त्यावर मुद्रा कोणाची आहे ते विचारले आणि कैसराचे देणे कैसराला व देवाचे देणे देवाला चुकते करावे असा निर्णय दिला. नाण्यावर राजाचा ठसा असतो म्हणून कर राजाचा. परंतु मनुष्य देवाच्या प्रतिरूपाने घडला आहे ही उत्पत्तीच्या पुस्तकातील शिकवण ध्यानात घेतली, की मनुष्याचा विवेक कोणत्याही राज्यसत्तेच्या मालकीचा होऊ शकत नाही, हे ओघानेच येते. याच शास्त्रात यिर्मया संदेष्ट्याने बाबेलच्या बंदिवासात नेलेल्या यहूदी लोकांना पाठवलेले पत्र आहे. तेथे घरे बांधावी, मळे लावावे आणि त्या परक्या नगराच्या हितासाठीही झटावे व प्रार्थना करावी, असे त्याने बजावले. ज्या श्रद्धेने जेत्यांच्या नगराचेही कल्याण चिंतायला शिकवले, ती स्वतःच्या मायभूमीविषयी उदासीन राहूच शकत नाही.

शंका २ : धर्मश्रद्धेमुळे राष्ट्रगीत गाण्यास कोणी नकार दिला, तर तो राष्ट्राचा अवमान मानावा काय?

समाधान : भारतातील बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांना, म्हणजे श्रद्धावंतांच्या संघांना, राष्ट्रगीत गाण्यात धर्मविरोधी काहीच वाटत नाही आणि त्यांच्या शाळांतून ते रोज गायले जाते. तथापि केरळमधील ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथातील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी अदबीने उभी राहत, पण गात नसत. देवाखेरीज अन्य कशाचेही स्तवन करू नये, असे त्यांच्या पंथाचे मत आहे. 1985 साली त्यांना शाळेतून काढण्यात आले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने 1986 साली त्यांच्या बाजूने निकाल देताना स्पष्ट केले, की राष्ट्रगीत गायलेच पाहिजे अशी सक्ती करणारा कायदा नाही आणि आदराने उभे राहणाऱ्याने अवमान केला असे म्हणता येत नाही. श्रद्धा प्रामाणिक असेल तर ती इतरांच्या बुद्धीला पटते की नाही यावर तिचे संरक्षण अवलंबून नसते, हे या निकालातील तत्त्व फार मोलाचे आहे. म्हणून ज्याला गाता येते त्याने मनापासून गावे. ज्याचा विवेक आड येतो त्याने आदर राखून उभे राहावे आणि आपले कारण उघडपणे सांगावे. आणि बहुसंख्यांनी त्याच्या मौनाला द्रोह समजू नये.

शंका ३ : ख्रिस्ती होणे म्हणजे मनाने परदेशी होणे, हा आक्षेप कितपत खरा आहे?

समाधान : परकीय सत्तेच्या काळात काही धर्मप्रसारकांनी आपली संस्कृती आणि शुभवर्तमान, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, यांची गल्लत केली, हे नाकारता येत नाही. परंतु महाराष्ट्रातील थोर ख्रिस्ती व्यक्तींची चरित्रे या आक्षेपाला पुरेसे उत्तर देतात. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेचा जलसंस्कार, घेतला, तरी आपला शाकाहार सोडला नाही, आणि गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरांऐवजी आपल्या देशाची संस्कृत असावी असा आग्रह धरला. 1889 साली मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी होत्या, त्यांत त्या होत्या. काका बॅप्टिस्टा या नावाने लोकांच्या ओठी राहिलेले मुंबईचे जोसेफ बॅप्टिस्टा हे लोकमान्य टिळकांचे सहकारी असून 1916 साली स्थापन झालेल्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांची स्वदेशनिष्ठा श्रद्धेला बाजूला सारून आलेली नव्हती.

शंका ४ : मंडळीने राष्ट्रात आपले स्थान बळकट करण्यासाठी राजसत्तेचा आधार घ्यावा काय?

समाधान : घेऊ नये, असेच इतिहास सांगतो. जर्मनीत हिटलरच्या राजवटीशी चर्चचे सूर जुळवू पाहणाऱ्या ‘जर्मन ख्रिस्ती’ चळवळीने वंशाच्या कसोटीला धर्मात जागा दिली, तेव्हा मे 1934 मध्ये बार्मेन येथे जमलेल्या प्रॉटेस्टंट प्रतिनिधींनी एका जाहीरनाम्याद्वारे ठणकावले, की ख्रिस्ताखेरीज दुसऱ्या कोणाही नेत्याचा शब्द मंडळी देवाचा शब्द म्हणून स्वीकारणार नाही. भारतातील उदाहरण अधिक जवळचे आहे. संविधान सभेपुढे प्रथम अल्पसंख्याकांसाठी राखीव जागांची शिफारस होती आणि तीत ख्रिस्ती समाजाचाही समावेश होता. परंतु संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी, जे स्वतः बंगाली ख्रिस्ती होते, त्यांनी अशा जागा नकोत अशी भूमिका घेतली आणि मे 1949 मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांसाठीच्या राखीव जागा वगळण्याचा निर्णय झाला. समाजाने संख्याबळाच्या हमीऐवजी सहनागरिकांच्या सद्भावनेवर विसंबणे पसंत केले आणि त्याबरोबरच श्रद्धा बाळगण्याचे, आचरण्याचे व तिचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य अनुच्छेद 25 ने सर्वांना दिले.

या विश्वासाला जागणे ही दुहेरी जबाबदारी आहे. सद्भावनेचा हा करार राज्याने आणि बहुसंख्य समाजाने पाळला पाहिजे, हे तर खरेच. पण मंडळीनेही आपले घर आधी स्वच्छ केले पाहिजे. प्रभूपुढे सारे समान असे शिकवणाऱ्या मंडळीत जातिभेद शिरावा आणि तामिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्ती बांधवांना दफनभूमीतही वेगळा कोपरा मिळावा, हे पाप आहे आणि त्याला पापच म्हटले पाहिजे. जी मंडळी स्वतःच्या अंगणातील अन्याय झाकते, तिला राष्ट्राच्या अन्यायाविरुद्ध बोलण्याचा अधिकार उरत नाही. आणि जी तो दूर करते, तिची साक्ष कोणत्याही सत्तेच्या टेकूशिवाय राष्ट्राला ऐकावी लागते.