न पडलेली ठिणगी

दिव्याच्या वाती आमची आई दुपारीच पाहून ठेवी. दिवेलागणीला वात शोधीत बसणे तिला खपत नसे. ती शिस्त मला उशिरा कळली. आणि कळली ती सिद्धेश्वरच्या जलाशयात.

पूर्णा नदीवर, औंढा तालुक्यात हे धरण आहे. तेथे माझा पुतण्या मासेमारी करतो. त्याच्या होडीच्या मागे एक जुने इंजिन आहे. त्याला बॅटरी लागत नाही. दोरी ओढली की चाकातले लोहचुंबक फिरते, कॉइलमध्ये वीज उपजते, नेमक्या क्षणी पॉइंट उघडतात आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. मात्र इंजिन पडून राहिले, तर दमट हवेने पॉइंटांवर थर चढतो. कंडेन्सर बिघडला, तर पॉइंट जळतात. म्हणून हंगामापूर्वी पॉइंट पुसावेत, त्यांतली फट मापाने जुळवावी, प्लगची काजळी काढावी, तारा पाहाव्यात. एवढेच.

पुतण्याने मला नांदेडहून कंडेन्सर आणायला सांगितले होते. दोनदा गेलो, दोनदा विसरलो. ‘पुढच्या खेपेला आणतो रे,’ म्हणून मोकळा झालो. पुढे एका संध्याकाळी आम्ही पाण्यात असताना वारा सुटला आणि इंजिन बंद पडले. हात सोलवटेपर्यंत त्याने दोरी ओढली. त्याचा सहा वर्षांचा मुलगा माझा सदरा मुठीत धरून बसला होता. वल्ही मारीत काठ गाठला, तेव्हा अंधार पडला होता. इंजिन उघडले, तर पॉइंट काळेठिक्कर!

‘देवाची कृपा!’ सगळे म्हणाले. पुतण्या एवढेच म्हणाला, “काका, चहा घ्या.”

पोर सुखरूप आले, म्हणून माझी हयगय लहान झाली काय? होडी उलटती, तर मी अपराधी ठरलो असतो. मग फरक पडला तो वाऱ्यामुळे. माझ्या वागण्यात काडीचाही नाही. अभ्यास न केलेल्या मुलाला प्रश्न विचारायचा राहिला, म्हणून तो हुशार ठरत नाही, हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे!

कोणी म्हणेल, माणूस विसरायचाच. खरे आहे. पण दिवाळी अंकाला कथा पाठवायला मी कधी विसरलो नाही. ज्याची झळ आपल्याला लागते, ते बरे लक्षात राहते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने नांदेड गाठले. पॉइंट आणि कंडेन्सर नवे बसवून पुतण्याने प्लग इंजिनाला टेकवला, दोरी ओढली. निळी ठिणगी उडाली. पोराने टाळ्या वाजवल्या. माझे हात मात्र वर उचलले नाहीत.