चावी द्यावी की न द्यावी

लंडनमधल्या ग्रिनिचच्या वेधशाळेत जॉन हॅरिसनची चार घड्याळं मांडलेली आहेत. भर समुद्रात जहाज कुठल्या रेखांशावर आहे हे अचूक घड्याळावरून सांगता येतं, हे या मूळच्या सुताराने अठराव्या शतकात सिद्ध केलं आणि त्यापायी उभी हयात घालवली. पहिली तीन, एच-१ ते एच-३, म्हणजे भलीमोठी पितळी यंत्रं. ती चालू असतात. चौथं मात्र बंद. खरं तर एच-४ हेच त्यांतलं विजेतं. १७५९ साली पूर्ण झालेलं, १३ सेंटिमीटर व्यासाचं, दिसायला मोठ्या खिशातल्या घड्याळासारखं. १७६१-६२ सालच्या जमैकाच्या सफरीत ८१ दिवसांनंतर त्याची चूक निघाली जेमतेम पाच सेकंदांची. ते बिघडलेलं नाही. चावी दिली तर चालेल. पण देत नाहीत.

कारण आहे तेल. अठराव्या शतकातलं तेल भरवशाचं नव्हतं, म्हणून हॅरिसनने पहिल्या तीन यंत्रांत तेलाची गरजच जवळपास उरू दिली नाही. काही भाग तर लिग्नम व्हिटे या मुळातच तेलकट असलेल्या चिवट लाकडाचे केले. एच-४ च्या लहान आकारात ही युक्ती चालेना आणि त्याला तेल घ्यावं लागलं. तेल आलं म्हणजे ते सुकणं आलं, ठरावीक काळाने सगळं खोलून पुसणं आलं, झीज आली. हॅरिसनच्या हातची खूण ज्या भागांवर आहे तेच भाग चालण्यात झिजणार. म्हणून संग्रहालयाने ते थांबवून ठेवलं आहे. एकाच माणसाची चार घड्याळं, एकाच छपराखाली, आणि निर्णय दोन. दोन्ही बरोबर.

हाच प्रश्न लहान प्रमाणात आपल्याकडच्या कितीतरी कपाटांत पडून आहे. बंगळूरला १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला आणि पुढची दोन-अडीच दशकं मराठी घरात घड्याळ म्हणजे एचएमटी असंच समीकरण होतं. दहावी पास झालेल्या मुलाला एचएमटी, लग्नात जावयाला एचएमटी, निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळाबरोबर एचएमटी. (ज्याला यापुढे आठ-बावीसची लोकल गाठायची नाही त्यालाच घड्याळ का देत, हे कोडं वेगळं.) एखाद्याला दोन मिळत, मग एक हातावर चढे आणि दुसरं डबीसकट लॉकरमध्ये जाई. आज नातवंडं ती डबी उघडतात तेव्हा आत ‘जनता’ किंवा ‘पायलट’ कोरं करकरीत निघतं. काचेवर चरा नाही, पट्ट्याला वळणाची घडी नाही. केंद्र सरकारने २०१६ साली एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतल्यामुळे त्या कोरेपणाला आता किंमतही आली आहे. घालावं की ठेवावं?

बहुतेक घरांत उत्तर ठरलेलं असतं: ठेवावं, खराब होईल. या उत्तरामागे एक गैरसमज आहे, तो म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू आहे तशीच राहते. पेटीतली पैठणी घडीवर विरते हे ज्या घराला ठाऊक असतं, तेच घर घड्याळाच्या बाबतीत मात्र निर्धास्त असतं. वास्तविक चाकांच्या टोकांशी, माणकांच्या खळग्यांत असलेला तेलाचा थेंब घड्याळ चालो न चालो, वर्षांनुवर्षांत घट्ट होतो किंवा उडून जातो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या चार महिन्यांच्या दमट हवेत ओल चावीच्या दांड्यावाटे आत शिरते आणि पोलादी भागांवर गंजाचे ठिपके धरतात. झाकणावरचा प्लास्टिकचा कागद कोरेपणाची निशाणी म्हणून तसाच ठेवला तर त्याच्याखालीही ओल अडकते. हॅरिसनची घड्याळं रूपर्ट गूल्ड या नौदल अधिकाऱ्याने १९२० साली प्रथम पाहिली तेव्हा तीही ‘ठेवलेली’च होती, मळलेली, गंजलेली आणि बंद. ती पुन्हा चालती करण्यात त्याची पुढची कित्येक वर्षं गेली.

आणि याहून वाईट म्हणजे अर्धवट उत्साह. चाळीस वर्षं पडून असलेलं घड्याळ डबीतून काढायचं, पूर्ण चावी द्यायची आणि टकटक ऐकू आली की कौतुकाने हातात चढवायचं. जुनं चावीचं घड्याळ तासाला साधारण १८,००० ठोके टाकतं, म्हणजे दिवसाला ४ लाख ३२ हजार. इतके ठोके सुकलेल्या तेलावर पडू लागले की तेलाचा चिकटा आणि धातूची भुकटी मिळून पॉलिश पेपरचं काम करतात. चार दशकांत न झालेली झीज काही महिन्यांत होते.

मात्र झीज झाली म्हणजे सगळं संपलं असंही नाही. घड्याळजीच्या टेबलावर डोळ्याला भिंग लावून पाहिलं तर वापरलेल्या घड्याळाच्या मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पुष्कळदा सुईने कोरलेली बारीक अक्षरं दिसतात: एक तारीख, दोन आद्याक्षरं, कधी नुसता नंबर. ते घड्याळ कधी उघडलं, कोणी उघडलं याची ती घड्याळजींची आपसातली नोंद. अशा तीन-चार नोंदी असलेलं घड्याळ आजही वेळ नीट दाखवतं, कारण त्याची स्प्रिंग बदलता येते, बॅलन्सचा दांडा नवा बसवता येतो, अ‍ॅक्रिलिकची काच घासून लख्ख करता येते, नाहीतर नवी घालता येते. यंत्र भरून निघतं. तबकडी निघत नाही. तिच्यावरचा मूळ रंग, छपाईची बारीक रेघ, सूर्यकिरणांसारखी फाकलेली चमक एकदा गेली की गेली. केसच्या कडांचंही तेच: पॉलिशच्या चाकावर धरलेलं पोलाद परत येत नाही आणि दर पॉलिशला धारदार कड थोडी थोडी गोल होत जाते.

जुन्या घड्याळाबाबतच्या जवळजवळ प्रत्येक निर्णयाचं मूळ या फरकात आहे, आणि नेमका तोच फरक आपल्याकडे उलटा पाळला गेला. जगभरच्या संग्राहकांच्या बोलीत ‘मुंबई स्पेशल’ असा एक शब्दप्रयोग आहे. तो काही गौरवाचा नाही. जुन्या स्विस किंवा एचएमटी यंत्रावर नव्याने रंगवलेली भडक तबकडी, भलत्याच घड्याळाचे काटे, चकचकीत पॉलिश केलेली केस. अशी जुळवाजुळव करून परदेशी गिऱ्हाइकाला स्वस्तात विकलेल्या घड्याळाला हे नाव पडलं. फेवर लुबा आणि वेस्ट एंड वॉच कंपनी ही नावं मुंबईच्या बाजारात एकोणिसाव्या शतकापासून रुळलेली. त्यांची जुनी घड्याळं शहरात भरपूर, म्हणून या कारागिरीला मालही भरपूर मिळाला. मूळचं म्हणून असलं घड्याळ खपवणं ही फसवणूकच. पण तबकडी नव्याने छापण्याची पद्धत काही फसवणुकीतून जन्मली नाही. ज्याचं घड्याळ रोज हातात असे त्याला डाग पडलेली तबकडी नको असे. कारागीर ती घासून, रंगवून, नाव पुन्हा छापून देई आणि गिऱ्हाईक खूश होऊन पैसे मोजी. मुंबईच्या त्या कारागिराने घड्याळ हे वापरायचं यंत्र मानलं, एवढाच त्याचा गुन्हा. त्याचं हस्तकौशल्य मोठंच होतं. फक्त त्याने जे मिटवलं ते आता कुणालाच परत आणता येत नाही.

पैशाकडे पाहून निर्णय घ्यावा म्हटलं तरी पैसा एक उत्तर देत नाही. अभिनेता पॉल न्यूमनला त्याच्या पत्नीने, जोअ‍ॅन वुडवर्डने, रोलेक्सचं डेटोना घड्याळ दिलं होतं. मोटार शर्यतींचा नाद असलेल्या नवऱ्याला गाडी जपून चालव असं तिने मागच्या झाकणावर कोरून घेतलं होतं. न्यूमनने ते वर्षानुवर्षं वापरलं आणि १९८४ साली मुलीच्या मित्राला सहज देऊन टाकलं; त्यानेही ते हातात घातलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हे वापरलेलं घड्याळ १ कोटी ७७ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेलं, मनगटी घड्याळाला तोवर मिळालेली सर्वाधिक किंमत. दोनच वर्षांनी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, जिनिव्हात तो विक्रम मोडला. मोडणारं घड्याळ पाटेक फिलिपचं, लिलावासाठीच बनवलेलं, कुणाच्याही मनगटाला न लागलेलं, आणि किंमत ३ कोटी १० लाख स्विस फ्रँक. महात्मा गांधींचं झेनिथचं खिशातलं घड्याळ, चष्मा, चपला, ताट आणि वाटी हा ऐवज मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला १८ लाख डॉलरांना विकला गेला, तो अर्थातच गांधींच्या वापरामुळे. दुसऱ्याच्या चऱ्यांना किंमत येते ती तो दुसरा कोण यावर. आपल्या आजोबांच्या घड्याळावरचे चरे बाजाराला शून्य मोलाचे असतात. घराला ते अमोल असू शकतात, पण मग किमतीचं कारण पुढे करू नये.

संग्रहालयाचा न्याय घरी लावावा का? बहुधा नाही, आणि याचंही उत्तर हॅरिसनच्याच काळात मिळालं होतं. एच-४ ची हुबेहूब प्रत लार्कम केंडलने १७६९ साली पुरी केली आणि कॅप्टन कुक १७७२ ते ७५ च्या सफरीवर ती प्रतच बरोबर घेऊन गेला. जे एकमेव आहे ते जपावं, ज्याच्या प्रती आहेत ते कामाला लावावं. एचएमटीची घड्याळं कारखान्यातून कोट्यवधींनी बाहेर पडली. ‘जनता’ एकमेव नव्हतंच. एकमेव असतात ते काही थोडे नमुने: क्वचित निघालेली तबकडी, कागदपत्रांसह न उघडलेला संच, एखाद्या संस्थेच्या इतिहासाशी बांधलेलं घड्याळ. असं काही हाती असेल तर ते थांबवून, कोरड्या जागी ठेवावं किंवा एखाद्या संग्रहालयाला द्यावं.

दुसरा अपवाद आरोग्याचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या अनेक घड्याळांच्या अंधारात चमकणाऱ्या आकड्यांत रेडियम आहे. चमक केव्हाच विझलेली असते, कारण तिच्यातला झिंक सल्फाइड थकतो. रेडियम मात्र थकत नाही, ते निम्मं व्हायला सुमारे १,६०० वर्षं लागतात. असं घड्याळ घरी उघडून आतली भुकटी उडवू नये.

उरलेल्यांचा निकाल सरळ आहे: घालावं. पण आधी जाणत्या घड्याळजीकडून पूर्ण उघडून, धुऊन, तेलपाणी करून घ्यावं. देतानाच स्पष्ट सांगावं की तबकडीला हात लावायचा नाही, केसला पॉलिश नको आणि बदललेला प्रत्येक जुना भाग पुडीत बांधून परत हवा. मूळचा पट्टा काढून डबीत ठेवावा आणि दुसरा लावावा. पावसात, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी आणि होळीला ते घालू नये. लग्नकार्याला, दिवाळीला, ऑफिसच्या कोरड्या दिवसांत खुशाल घालावं. चावीची घड्याळं उघडणारे हात मात्र दरवर्षी कमी होत चालले आहेत. कित्येक दुकानांत आता फक्त सेल बदलून मिळतात. तेव्हा लॉकरमधली ती डबी काढायचीच असेल, तर गावातला जुना घड्याळजी अजून दुकान उघडतो आहे तोवर काढा.